चकाकीचं काम

सत्काराच्या दिवशी सकाळी हार ओवताना सुभद्रेनं दोऱ्याचं टोक ओलं करायला तोंडात धरलं, दातांनी जरासं दाबलं, आणि दोरा बाहेर काढला तेव्हा त्याच्यासोबत दात आला. दुखलं मुळीच नाही. पिकलेलं बोर देठापासून सुटावं तसा तो सुटला आणि शेवंतीच्या ढिगावर पडला. त्याच्या बुडाला हाडाची कपची चिकटली होती, पिवळट, वाळवी लागल्यासारखी जाळी पडलेली. ती बघत राहिली. न्हाणीकडून खुशालरावांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. दाढी करताना गाण्याची त्यांना सवय होती, गळा नसला तरी. रक्तसुद्धा फार आलं नाही. तिनं जिभेनं ती जागा चाचपली तर हिरडी लागलीच नाही, काहीतरी कोरडं, खरखरीत लागलं, आणि जिभेच्या धक्क्यानं ते हललं. इतके दिवस दात हलतात असं ती समजत होती. दात नव्हते हलत, दाताखालचं हाड हलत होतं. मग तिनं तो दात उचलून देठांच्या केरात टाकला, तोंडावर पदर ओढला आणि पुढचं फूल घेतलं. माळ्याच्या घरात हार अर्धा टाकून उठत नाहीत. ज्याच्या गळ्यात पडायचा त्याचं आयुष्य अर्ध्यात तुटतं म्हणतात, आणि मेलेल्या माणसाचा हारसुद्धा कोणी अर्धा सोडलेला तिनं सासरी-माहेरी पाहिला नव्हता.

हार घरचाच हवा हा खुशालरावांचा हट्ट. अकोल्याचे लोक जरीचे, कलाबतूचे हार आणणार हे ठाऊक होतं, पण पहिला हार आपल्या मळ्यातल्या फुलांचा आणि बायकोच्या हातचा, असं त्यांनी महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं. नावापुढे विलायती अक्षरांचं शेपूट लागलं तरी माणूस मूळचा माळ्याचा. दर्यापूरजवळच्या मळ्यातून वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला येणारं पोर शिष्यवृत्तीच्या जोरावर नागपूर, कलकत्ता करत विलायतेला गेलं, अणूच्या पोटात काय असतं ते शिकलं, आणि साहेब तिथंच नोकरी देत असताना परत येऊन अमरावतीच्या कॉलेजात शिकवू लागलं. सातपुड्यातल्या दगडांतून निघणाऱ्या किरणांवरचे त्यांचे निबंध परदेशात वाचले गेले. गावोगाव वर्गणी जमवून त्यांनी रेडियम आणवलं, आणि शिशाच्या डबीत घालून, ती डबी मांडीवर घेऊन, थर्ड क्लासनं अकोल्याच्या दवाखान्यात पोचवायला लागले. त्यानं कर्करोगाच्या गाठी जळायच्या. माणसं वाचली, हे खोटं नाही. पण लोकांना तेवढ्यानं भागत नाही. जपानवर अॅटम बाँब पडल्यापासून अमरावतीच्या पानठेल्यांवर असं बोललं जाई की आपल्या खुशालरावानं त्याला थोडा तरी हात लावलाच असेल. आणि खुशालराव तळमळून नाही म्हणत, तेव्हा लोक एकमेकांकडे बघून हसत. एवढा मोठा माणूस, तो थोडाच कबूल करणार.

'झाला का हार?' त्यांनी दारातून विचारलं. अंगावर धुतलेलं धोतर, गालावर साबणाचा एक पांढरा ठिपका. तिनं पदराआडून मान हलवली. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तिच्या हाताकडे पाहिलं. गेलं वर्षभर ते तिच्या तोंडाकडे बघत नव्हते. जेवताना ते कॉलेजातल्या गोष्टी सांगत, पण नजर ताटात. आधी आधी तिला वाटलं होतं, आपलं वय झालं, गाल उतरला, पुरुषाची नजर अशीच असते. तो समज किती सुखाचा होता! माणसाला खरं कळलं की आधीच्या दुःखांचीसुद्धा आठवण येते. तिनं उठून त्यांच्या गालावरचा साबण पदरानं पुसला. ते जरासे मागे झाले. तिचा श्वास लागू नये म्हणून झाले, की नुसतेच झाले, हे आता तिला ओळखता येत होतं.

देवाच्या हाराचा दोरा वाटीतल्या पाण्यात भिजवायचा, माणसाच्या हाराचा तोंडात. घाई असली की देवाच्या हारालाही तेच. देव कुणाला सांगायला जातो? आईच्या मांडीला मांडी लावून बसलेल्या सुभद्रेला आणि तिच्या धाकट्या बहिणीला, तानुबाईला, हे कोणी शिकवलं नव्हतं. बोट फुलाकडे गेलं की टोक ओठाकडे जायचं. म्हणून लढाईच्या दिवसांत सरकारला विमानांतल्या घड्याळांचे काटे आणि होकायंत्रांचे आकडे अंधारात दिसतील असे रंगवून हवे झाले, आणि खुशालरावांनी उरल्यासुरल्या रेडियमचा लेप कालवला, तेव्हा त्यांना वाटलं, या कामाला फूल ओवणाऱ्या बायकांइतकी बारीक बोटं कुठं मिळणार? त्या मिळकतीतून दवाखान्याला रेडियमची आणखी एक नळी घ्यायची होती. विधवा तानुबाई दर्यापूरहून येऊन राहिली. मागच्या पडवीत दोघी बहिणी पाटावर बसून तबकड्या रंगवत. घरात त्याला चकाकीचं काम म्हणत. चार केसांचा बुरूश, दोन आकडे काढले की त्याचे केस विस्कटायचे, मग तो ओठांत धरून टोक करायचं. ब्राह्मणाच्या घरची बाई असती तर उष्ट्याच्या भीतीनं तिनं बुरूश तोंडाजवळही नेला नसता. या दोघींना मात्र ती सवय रक्तातली. लेपाला चव अशी नव्हती, खडू चाटावा तशी, पण चाटून चाटून तिची गोडी लागली होती.

आणि उजेड! दिवेलागणीला कंदील बारीक केला की दोघींची नखं, ओठ, चोळीच्या बाह्या हिरवट निळ्या उजळायच्या. तानी तर बुरुशानं कपाळावर टिकली काढायची. विधवेच्या कपाळावर दिवसा कुणाला दिसू नये आणि अंधारात तिची तिला आरशात दिसावी अशी टिकली. 'पाय ना अक्का, देवानं पुसलं, दाजीनं लावून देल्लं,' असं म्हणून ती हसायची आणि हसताना तिचे दात चकाकायचे. सुभद्रेला त्या वेळी आपलं लग्न नवं असतानाचे दिवस आठवत. प्रयोगाच्या खोलीत काळे पडदे लावून खुशालराव तिला शेजारी बसवत. डोळ्यांना अंधाराची सवय होईतो नुसतं बसायचं, बोलायचं नाही. मग काचेच्या पट्टीवर ठिणगी उठायची, एक इथं, एक तिथं, आणि ती मोजायची. प्रत्येक ठिणगी म्हणजे एक अणू मेला, ते कानाशी म्हणायचे. मूल झालं नाही त्यांना. पण त्या अंधारात शेजारी बसून मोजताना आपल्याला काही कमी आहे असं तिला वाटलं नव्हतं. अणू मरतात म्हणजे काय, हे तिनं तेव्हा विचारलं नाही. इतक्या सुंदर मरणाबद्दल कोण विचारतं?

बडनेऱ्याच्या फलाटावर गर्दी होती. कापसाच्या गाठी, हमाल, रेल्वेचे बाबू, आणि अकोल्याहून मुद्दाम घ्यायला आलेले सत्कार समितीचे अध्यक्ष महादेवराव. हे अकोल्याच्या एका जिनिंगचे मालक. मोठं पोट, मोठं मन, मोठा आवाज. त्यांनी सेकंड क्लासचा डबा धरून ठेवला होता. खुशालरावांच्या पाया पडायला स्टेशनातली माणसं वाकत होती, आणि कोणी म्हातारा पोराला दाखवत होता, 'पाय, हा बाँबवाला डाक्टर.' डब्यात चढल्यावर सुभद्रेनं पाहिलं तर खिडकीशी जयवंता बसलेली. तानीची मुलगी. अंगावर नवं लुगडं, डोक्यात शेवंतीची वेणी, आणि नाक, हनुवटी, सगळं आईचं. तानीला जाऊन वर्ष होत होतं. तेव्हापासून पोरगी दर्यापूरला मामाकडे फुलं ओवत राहिली होती. सुभद्रेच्या पोटात आनंद उसळला आणि त्याच दमात तो गार पडला, काहून गार पडला ते तिला लगेच कळलं नाही.

'मावशी, मी बी येऊन राहिली अकोल्याले,' जयवंता तिच्या हाताला बिलगत म्हणाली. 'आज माह्या हातानं सुरुवात हाय.'

'कायची वं सुरुवात?'

'वयनी, तुमाले डाक्टरसाह्यबानं सांगतलं नाई वाटते!' महादेवराव खो खो हसले. 'आमी जिनिंगमंधली एक शेड रिकामी केली. तिथं चकाकीचा कारखाना काढून राहिलो. घड्याळी, मोटारीचे काटे, समदं. माळ्याच्या पोरी बसवनार, पोटाले लागतीन बिचाऱ्या. आन पयला बुरूश या जयवंताच्या हातात, डाक्टरसाह्यबाच्या हातून, आज स्टेजवर! लाइट घालवून लोकायले दाखवनार. हिच्या मायनं लढाईत तेच काम केलं, मंग हिनं काहून नाई करावं?'

सुभद्रेनं खुशालरावांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते. गाडी सुटली होती. बाहेर कापूस वेचून उघडी पडलेली पऱ्हाटी, काळ्या जमिनीत पांढरे ठिपके राहिलेले. त्यांना माहीत होतं. महिनाभर घरच्या फुलांचा हार मागणाऱ्या माणसानं एवढी एक गोष्ट तिला सांगितली नव्हती.

जयवंता बोलतच होती. मजुरी किती, राहायला खोली कोणती, शेजारच्या पोरी कोणकोणत्या. सुभद्रेला तिच्या आवाजाच्या मागे तानी ऐकू येत होती. तानीची सुरुवात दातापासूनच झाली. लढाई संपल्यावर ती गावी परतली होती; दर्यापूरच्या वैदूनं तीन उपटले, तोंड भरून आलं, वास सुटला. जयवंताच्या मामानं देवीचा कोप म्हणून कोंबडं उतरवलं. मग एक दिवस खुशालराव पिशवीत यंत्र घेऊन आले. काचेच्या बरणीत टांगलेली सोन्याच्या वर्खाची दोन पानं. भार दिला की ती एकमेकांपासून फाकतात, आणि जवळ रेडियम आलं की भार गळतो आणि ती मिटतात. प्रयोगाच्या खोलीत सुभद्रेनं ते शंभरदा पाहिलेलं. 'तानी, याच्यात जराशी फुंक मार,' त्यांनी तिच्या खाटेशी वाकून म्हटलं. तानीला फुंकायला गालच उरला नव्हता, तरी दाजी म्हणतात म्हणून तिनं श्वास सोडला. पानं हळूहळू खाली आली आणि मिटली. खुशालरावांनी यंत्र पिशवीत घातलं. कोणाशी बोलले नाहीत, जेवले नाहीत, त्याच दिवशी परत निघाले. तानीला वाटलं दाजींनी काही औषधाचं यंत्र लावलं. ती दोन दिवस बरं वाटतं म्हणाली. तिसऱ्या दिवशी गेली. सुभद्रा उशाशी बसून होती. बहिणीच्या श्वासात काय होतं ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तरी ते मनात यायला तिनं दिवस लावले, महिने लावले. मन मोठं हुशार असतं. नको ती वस्तू घरात आली की ते तिला मागच्या दारानं काढून देतं.

गेल्या महिन्यात, खुशालराव कॉलेजात असताना, तिनं काळे पडदे लावलेल्या त्या खोलीत जाऊन यंत्र काढलं. रेशमानं कांडी घासून भार दिला. पानं फाकली. तिनं पदर बाजूला केला आणि सावकाश श्वास सोडला. पानं मिटली. तिनं पुन्हा भार दिला. पुन्हा मिटली. भीतीपेक्षा तिला आधी लाज वाटली, चोरी करताना सापडल्यासारखी. मग पडवीत येऊन ती पाटावर बसली आणि तिला लढाईतली ती दुपार आठवली. टपालानं विलायतेहून आलेलं मासिक वाचता वाचता खुशालराव एकदम उठून पडवीत आले होते. चेहरा पांढरा. 'सुभद्रा, बुरूश तोंडाले लावत नको जाऊ,' ते म्हणाले. 'काहून?' 'घान असते त्याच्यात.' तानी खुदकन हसली. बुरुशाऐवजी काचेच्या काड्या आल्या, त्यांनी आकडे फाटले. बुरूश बुडवायला पाण्याची वाटी आली, पाण्यानं लेप फिका पडला, आणि सरकारी साहेबानं तबकड्यांची एक पेटी परत पाठवली. माल वेळेवर जायचा होता. नळीचे पैसे भरायचे होते, अकोल्यात बायका गाठी घेऊन वाट बघत पडल्या होत्या. बुरूश पुन्हा ओठांकडे गेले. दुसऱ्यांदा खुशालराव पडवीत आले तेव्हा त्यांनी ते पाहिलं. ते उंबऱ्यावर थांबले. सुभद्रेला वाटलं, आता रागावतील. ते वळले आणि परत खोलीत गेले. त्यानंतर लढाई संपेपर्यंत ते पडवीत आलेच नाहीत.

मूर्तिजापूर गेलं. महादेवराव मान टाकून घोरत होते. जयवंता खिडकीतून डोकं काढून वारा खात होती. सुभद्रा सरकून खुशालरावांच्या जवळ बसली. बोलताना हाड एकमेकांवर घासे, म्हणून ती हल्ली थोडकं बोलायची.

'जयवंताले तिथं बसवू नका.'

खुशालरावांनी महादेवरावांकडे एकदा पाहिलं. 'आता पद्धत बदलली आहे,' ते म्हणाले. सभेत बोलतात तशी पुस्तकी भाषा. 'काचेच्या काड्या देणार आहोत.'

'काडीनं बारीक आकडा येत नाई. तुमी पायलं हाय.'

'मग वाटी ठेवू.'

'तानीपाशी वाटी होती.'

मांडीवर ठेवलेले हात त्यांनी एकमेकांत गुंतवले. त्यांच्याही बोटांची टोकं डबी हाताळून हाताळून तडकलेली, नखं काळवंडलेली. तिला त्या हातांची कीव आली, आणि कीव आल्याचा संताप आला.

'आजचा दिवस जाऊ दे, सुभद्रा,' ते हळूच म्हणाले. आता भाषा घरची होती. 'मी करतो कायतरी. आज नको.'

'तुमाले मालूम हाय ना?'

'काय?'

तिला म्हणायचं होतं, माझ्या तोंडात काय आहे ते. पण तेवढ्यात जयवंतानं आत डोकं घेतलं. वाऱ्यानं तिचे डोळे पाण्यानं भरलेले, ती हसत होती, सगळे दात जागच्या जागी. सुभद्रेनं पदर पुन्हा तोंडावर ओढला. चोवीस तास तोंडात मरण धरून बसलेल्या बाईला एक वाक्य बाहेर काढता येऊ नये! पण लग्नापासून तिनं या माणसाच्या अंधारात शेजारी बसून फक्त मोजलं होतं. बोलायची सवय दोघांनाही नव्हती.

अकोल्याच्या नाटकगृहात माणूस मावत नव्हता. बायकांसाठी एक बाजू कनातीनं तोडलेली. सुभद्रेला मात्र मंचावर खुर्ची होती, मागच्या रांगेत. शेवंतीचा हार तिनं आधीच समितीच्या हवाली केला होता. तो सगळ्यांत आधी पडला आणि त्यावर जरीचे इतके पडले की तो दिसेनासा झाला. मानपत्र वाचलं गेलं. त्यात वऱ्हाडाची काळी माती होती, ज्ञानाचा दीप होता, पददलित समाजाचा उद्धार होता. महादेवराव म्हणाले की अमेरिकेनं अणू फोडून शहरं जाळली आणि आमच्या खुशालरावानं अणू फोडून माणसं जगवली; टाळ्या थांबेनात. मग गोदाबाईला पुढे आणलं. अकोटकडची म्हातारी, मानेवर गाठ होती, ती रेडियमनं जळून गेली. तिला बोलायला सांगितलं होतं ते विसरून तिनं सरळ खुशालरावांच्या पायांवर डोकं ठेवलं. 'माह्या नातवाचं लगन पायलं, बाप्पा, तुह्या पायी,' म्हणाली. खुशालरावांचे डोळे भरले. खरंच भरले. सुभद्रेनंही डोळे पुसले. तिचा पुष्कळसा राग त्या म्हातारीपाशी येऊन लंगडा पडायचा. याला खोटं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. हा माणूस ढोंगी असता, पैसेखाऊ असता, तर तिनं केव्हाच पडवीतून ओरडून सांगितलं असतं. तानीच्या ओठांवर चढलेल्या चकाकीतूनच ही म्हातारी उठून बसली होती, आणि दोघींचं मोल एका तराजूत घालायची हिंमत सुभद्रेला नव्हती. पण म्हातारी जगली म्हणून पोरीनं मरावं, असा हिशोब कुठल्या देवानं सांगितला?

समितीतल्या माणिकबाई ओटी घेऊन आल्या. खण, नारळ, गहू. सुभद्रेनं पदर पसरला. माणिकबाई हौशी, त्या मंचाच्या पुढच्या कडेशी तिला घेऊन गेल्या आणि मोठ्यानं म्हणाल्या, 'डाक्टरीनबाईनं नाव घ्या लागते बरं! नाव घेतल्याशिवाय खाली बसू देत नाई.'

कनातीमागून बायकांचा गलका उठला. 'घ्या, घ्या!' पुरुषही हसू लागले. खुशालराव लाजून खाली बघत होते, हारांच्या ओझ्यानं वाकलेले. एवढ्या वर्षांत नवऱ्याचं नाव तिनं फक्त उखाण्यात घेतलं होतं, तेही लग्नात आणि एकदोन बारशांत. सुभद्रेनं जयवंताला पाहिलं. ती मंचाच्या कोपऱ्यात टेबलाशी उभी होती, पुढ्यात तबकडी, लेपाची चिमुकली कुपी, बुरूश. तिचा उजवा हात आधीच बुरुशाशी खेळत होता. सुभद्रेनं तोंडावरचा पदर खाली घेतला. एक गाल सुजलेला, दुसरा बसलेला. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी नाकाला उपरणं लावलं.

'बुरूश लावला तोंडाले,' ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. 'चांदनं उतरलं दातात...'

'वा!' कोणीतरी ओरडलं.

'खुशालरावायचं नाव घेते, जबडा धरून हातात.'

शेवटच्या शब्दाला तिच्या उजव्या कानाखाली कट् असा आवाज झाला आणि हनुवटी एका बाजूला उतरली. तिनं ती हातानं धरली. नाटकगृह हास्यानं आणि टाळ्यांनी फुटलं. उखाण्याला टाळ्या पडतातच. बाई मोठी गमतीची, दातदुखीतही विनोद करते, बघा जबडा कसा धरून दाखवते! माणिकबाईंनी तिच्या पाठीवर थाप मारली. जयवंतानंही टाळ्या वाजवल्या. फक्त एक माणूस हसला नाही. खुशालरावांनी मान वर केली आणि वर्षभरानंतर पहिल्यांदा त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. मग महादेवराव पुढे आले, म्हणाले, आता शुभारंभ, दारं लावा, लाइट घालवा.

अंधार झाला. आधी काहीच दिसेना. हजार माणसांचा श्वास ऐकू येत होता. मग टेबलाशी एक हिरवट निळा ठिपका दिसला, आणि सभागृहातून लहान मुलांचा निघतो तसा 'ओऽऽ' निघाला. ठिपका तबकडीवर हलला. एक आकडा उमटला. दुसरा उमटला. सुभद्रेची हनुवटी हातात होती, जीभ तोंडात नुसती पडून होती, तिला आता ओरडता येणं शक्य नव्हतं. पण खुशालराव जयवंताच्या शेजारी, हातभरावर उभे होते. त्यांना बोलता येत होतं. ती वाट बघत राहिली. एवढं एकच वाक्य, लढाईत म्हणाले होते तेच, पुन्हा एकदा म्हणा. तिसरा आकडा जरा फाटला. ठिपका तबकडीवरून उचलला गेला आणि सावकाश, सवयीनं, वर यायला लागला. छातीशी. गळ्याशी. खुशालराव बोलले नाहीत.

सुभद्रा अंधारात चालत गेली. ठिपक्यावर तिनं मूठ मिटली. हवेतला ठिपका एकदम नाहीसा झाला आणि कोणीतरी म्हणालं, 'आं, इझलं का?' तिनं बुरूश काढून घेतला, जयवंताचा हात धरला, आणि तिचं बोट आपल्या तोंडात घातलं. पोरगी दचकली, हात ओढू लागली. सुभद्रेनं सोडला नाही. बोट हिरडीवरून गेलं, मग हिरडी संपली तिथं गेलं, उघड्या हाडाच्या जाळीवर गेलं, आणि ते हाड बोटाखाली हललं. जयवंतानं आईचं तोंड शेवटचे दिवस मिठाच्या पाण्यात बोट बुडवून स्वतः धुतलं होतं. हे ओळखायला तिला दिव्याची गरज नव्हती. तिचं बोट तिथंच थांबलं.

'माय वं,' ती म्हणाली. आणि मग मोठ्यानं, साऱ्या नाटकगृहाला ऐकू जाईल असं, 'माय वं! मायचंच तोंड हाय हे!'

महादेवराव लाइट लाइट म्हणून ओरडले. दिवे लागले. लोकांनी डोळे चोळले. टेबलाशी सुभद्रा एका हातानं हनुवटी धरून उभी होती, दुसऱ्या मुठीतून बुरुशाचं टोक बाहेर आलेलं, आणि जयवंता आपलं ओलं बोट समोर धरून त्याच्याकडे बघत होती. मग तिनं मान वळवली. ती रडत नव्हती. माणिकबाई तिला धरायला आल्या, तिनं त्यांचा हात झटकला.

'मावसाजी,' ती खुशालरावांना म्हणाली, 'तुमाले मालूम होतं?'

महादेवराव मध्ये पडले. 'पोरी, भेली का तू? डाक्टरसाह्यब, तुमी बसा, वयनीची तब्येत...' खुशालरावांनी हात वर करून त्यांना थांबवलं. शाल एका खांद्यावरून घसरली होती. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तिच्या हाताकडे नव्हे. सभेत पुस्तकी बोलणाऱ्या त्या माणसानं तोंड उघडलं तेव्हा त्यातून दर्यापूरच्या मळ्यातलीच बोली निघाली, आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेली.

'हो, पोरी,' ते म्हणाले. 'तुही माय बुरूश चाटत होती, तवापासून.'